फीडरवर आलेला हा शिकारी पक्षी कोणता?

गॅलरीवाली:
आज सकाळी फीडरवर चिमण्यांची रोजची भांडणं चालली होती आणि एकदम सगळं चिडीचूप. इतकं, की मी हातातली कणीक तशीच ठेवून बघायला आले. फीडरच्या दांडीवर कबुतरापेक्षा जरा लहान, सडपातळ पक्षी. पाठ तपकिरी, पांढुरक्या छातीवर उभे तपकिरी फराटे, लांब शेपटीवर आडवे पट्टे, डोळे पिवळे. मिनिटभर बसला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि गेला. खाली जास्वंदीत एक चिमणी चिकटवल्यासारखी बसली होती, नंतरही पाच मिनिटं हलली नाही. फोटोत फक्त शेपूट आलंय. घरात तीन मतं आहेत: घार, ससाणा आणि सासूबाईंच्या मते पावशा. घार नाही एवढं मलाही कळतं. पुढे?

जुनी दुर्बीण:
सासूबाईंना हसू नका. पावशा हा कोकिळेच्या कुळातला, पण रंगाने आणि उडण्याच्या ढबीने शिक्र्याची (ससाण्यासारखा छोटा शिकारी पक्षी) इतकी हुबेहूब नक्कल वाटतो की लहान पक्षीही फसतात, आणि पावश्याच्या पिल्लाच्या छातीवरही फराटे असतात. चोच आठवते का? शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वळलेली. पावश्याची सरळसर, टोकाशी जेमतेम वाकलेली, शिवाय डोळ्याभोवती पिवळं कडं. आणि पाय कसे होते?

गॅलरीवाली:
चोच नाही आठवत. पण पाय लांब, पिवळे, काड्यांसारखे. दांडी घट्ट आवळून धरली होती. हो, आणि गळ्यावर मधोमध एक काळपट रेघ होती.

फांदीवरून:
मग पावशा बाद, त्याचे पाय आखूड. हे शिक्र्याचं पिल्लू आहे, म्हणजे उडायला लागलेलं. प्रौढ शिक्र्याची पाठ राखाडी, छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा आणि नराचा डोळा लालभडक. फराटे उभे की आडवे, एवढं पाहिलं तरी वय कळतं. आकारावर मात्र जाऊ नका. मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते आणि दचकलेल्या माणसाला सगळेच मोठे दिसतात.
गळ्याची रेघ ठसठशीत होती का? तसं असेल तर बेसरा, म्हणजे शिक्र्याचाच भाऊबंद, म्हणून वाद घालायला मी तयार आहे, पण तो दाट जंगलातला. गॅलरीत येईल असं वाटत नाही.

दाणापाणी:
फीडर आठ-दहा दिवस उतरवून ठेवा, चिमण्या पांगल्या की तोही दुसरीकडे जाईल. माझ्याकडे एकदा खाली पिसांचा ढीग सापडला आणि मी विनाकारण मांजराला बोल लावले. नंतर नीट पाहिलं तर पिसं देठासकट उपटलेली होती. मांजर पिसं चावून तोडतं, देठ तुटके-चघळलेले दिसतात.

फांदीवरून:
उतरवायचं ते उतरवा, पण त्याला हुसकू नका. तो सरडे, टोळ, उंदीरही खातो. चिमण्याच हव्यात असं काही त्याचं नाही.

गॅलरीवाली:
रेघ बारीक होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. म्हणजे शिक्राच. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाऊस जवळ आला की ओरडेल ना, तेव्हा बघू."