रबरी माशात खुपसलेल्या वजनाला मराठीत काय म्हणायचं?

गळाने मासे पकडण्यावर मराठीत लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. मऊ प्लॅस्टिकचे ल्युअर, म्हणजे माशाला भुलवायला गळाला लावायची नकली आमिषं, रबरी मासे, रबरी गांडुळं वगैरे, नुसतेच पाण्यात टाकले तर फार हळू बुडतात आणि हलके असल्यामुळे लांब फेकलेही जात नाहीत, मग लोक त्यात खिळ्याचा तुकडा खुपसतात, बारीक स्क्रू पिळतात, गळाच्या दांडीला सोल्डरची तार गुंडाळतात, जे हाताशी असेल ते. तर ह्या वस्तूला आणि ती घालण्याच्या क्रियेला काय म्हणावं? 'भारणे' लिहून बघितलं, पटत नाहीये.

—

भारणे नकोच, भारलेलं म्हटलं की मंतरलेलं वाटतं आणि भारित म्हटलं की वीज. सरळ 'शिसं लावणे' लिहा, गरवणाऱ्याला लगेच कळतं.

—

शिसं कसं चालेल? तुम्ही दिलेल्या उदाहरणांत खिळा आहे, स्क्रू आहे, म्हणजे शिसं नाहीच. आणि नसलेलंच चांगलं, पाण्यात पडलेलं शिसं पक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात. इंग्लंडमध्ये राजहंसांच्या ह्याच मरण्यामुळे ०.०६ ते २८.३५ ग्रॅममधल्या गळाच्या शिशांची विक्री १९८७ पासून बंद आहे. सोल्डर वापरणार असाल तर बिनशिशाचं घ्या, त्यात बहुतेक कथिल असतं. पोलादाची घनता ७.८ च्या आसपास, शिशाची ११.३, म्हणजे तेवढ्याच वजनाला पोलादाचा तुकडा साधारण दीडपट मोठा लागतो, एवढाच काय तो फरक. टंगस्टन तर १९.३, अगदी बारीक तुकड्यात काम होतं, पण ते घरात सहज सापडणारी गोष्ट नाही. काही उत्पादक प्लॅस्टिकमध्येच मीठ मिसळतात, तेही वजनासाठीच! तेव्हा कुठल्याही पदार्थाला लागू पडेल असा शब्द पाहिजे.

—

'पासंग' घ्या की. तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला जो बारीक तुकडा लावतात तो पासंग. दगड असो, लोखंड असो, पदार्थाशी त्याला देणंघेणं नाही, त्याचं काम तोल साधणं. 'ह्याच्या पासंगालाही पुरणार नाही' हे आपण अजून बोलतोच, शब्द जिवंत आहे. आणि मला तो इथे आवडतो कारण ह्या जुगाडात किती वजन घातलं ह्यापेक्षा कुठे घातलं ह्याला जास्त महत्त्व आहे. खिळा डोक्यात खुपसला तर गांडूळ तोंडाने खाली जातं आणि तळाशी शेपटी वर करून उभं राहतं, बरोबर मध्ये असला तर आडवं, डुलत डुलत बुडतं, शेपटीत असला तर मागे मागे सरकत जातं आणि फेकही लांब जाते. रबरी माशाला तर वजन पोटाकडेच हवं, पाठीकडे गेलं की ओढताना उलटा होतो. एवढासा तुकडा, पण सगळी चाल तो ठरवतो, ह्याला नुसतं वजन म्हटलं तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

—

पासंग छान आहे पण सरसकट नको. जिगहेड, म्हणजे गळाच्या डोक्यावरच ओतून बसवलेला धातूचा गोळा, समजा दहा ग्रॅमचा, हा पासंग नव्हे, तो खोल न्यायलाच असतो, त्याला वजनच म्हणा. नंतर खुपसलेला, काढता येणारा, चाल बदलणारा तो पासंग. क्रियापद 'पासंग लावणे' किंवा 'देणे'.

जाता जाता, गुळगुळीत खिळा फेकताना सुटून जातो, आट्यांचा स्क्रू घट्ट धरतो. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं आणि गंजाचा डाग रबरात उतरतो, तिथे स्टेनलेस किंवा पितळ वापरा.

—

हे जमतंय. आता वाक्य असं करतो: 'रबरी गांडुळाच्या डोक्यात स्क्रूचा पासंग लावला की ते तोंडावर बुडतं.' आणि सोल्डर गुंडाळण्यासाठी 'दांडीला तारेचा पासंग देणे'. जिगहेडला वजन. कुणाला खटकत असेल तर आत्ताच सांगा, मजकूर अजून माझ्याकडेच आहे.