मोयामोया आणि मेंदूची बायपास, कुणाला अनुभव? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझ्या वहिनीला मेंदूत रक्तस्राव झाला, डीएसए (डाय सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) केल्यावर मोयामोया निघाला, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या आक्रसत जातात आणि त्यांच्याऐवजी तयार झालेलं बारीक वाहिन्यांचं जाळं कधीही दगा देतं. एक सर्जन म्हणतात डायरेक्ट बायपास करा, कानासमोरची धमनी कवटीच्या आत नेऊन मेंदूवरच्या धमनीला टाका घालून जोडायची. दुसरे म्हणतात इनडायरेक्ट, नुसता कानशिलाचा स्नायू मेंदूवर पसरायचा आणि नव्या वाहिन्या फुटायची महिनोन्‌महिने वाट बघायची. दादाचं तर डोकंच चालेना झालंय.

मी जपानची २०१४ ची ट्रायल वाचली. रक्तस्राव झालेले ८० मोठे पेशंट, ५ वर्षं फॉलोअप, पुन्हा रक्तस्राव ऑपरेशनवाल्यांत ११.९ टक्के, बाकीच्यांत ३१.६. पण तिथे मेंदूच्या दोन्ही बाजूंना डायरेक्टच केलं होतं, मग इनडायरेक्टला हे आकडे कसे लावायचे? आणि ८० म्हणजे तसे थोडेच ना.

मुंबई-पुण्यात मोठ्या माणसाची डायरेक्ट बायपास नेहमी करणारे कोण आहेत? का सरळ त्रिवेंद्रमला श्री चित्रा हॉस्पिटलला जावं? घरात कुणाची झाली असेल तर नंतर बोलण्यात, हातापायात काही फरक पडला का तेही सांगा प्लीज. घरगुती उपाय नकोत 🙏