प्लगिन अपडेट केलं, पण परवानगी जुनीच

प्रश्न, सदाशिव पेठ:
आमच्या वाचनालयाची वर्डप्रेस साइट मीच सांभाळते. काल पुस्तक-नोंदणीचं प्लगिन (साइटला जोडलेली जादा सोय) अपडेट केलं. नवा ‘देवघेव’ मेनू ना मला दिसतो, ना काउंटरवरच्या काकूंना. थेट दुवा उघडला तर परवानगी नाही असं येतं. लॉग-आउट दोनदा करून झालं. शनिवारी सकाळी सभासदांची रांग जिन्यापर्यंत जाते, काकूंच्या जिवाला घोर लागलाय.

उत्तर, कोथरूड:
अ‍ॅडमिनलाही दिसत नाही, म्हणजे काकूंच्या खात्याचा दोष नाही. भूमिकांचे (अ‍ॅडमिन, संपादक वगैरे) अधिकार डेटाबेसमध्ये साठवलेले असतात. बरीच प्लगिनं ते सक्रिय होतानाच भरतात, आणि वर्डप्रेसच्या ३.१ आवृत्तीपासून अपडेटच्या वेळी ती क्रिया चालत नाही. बॅकअप घ्या, प्लगिन निष्क्रिय करून पुन्हा सक्रिय करा. डिलीट मात्र अजिबात करू नका, सगळ्या नोंदी जाऊ शकतात.

उत्तर, हडपसर:
सर्व्हरवर रेडिस (माहिती मेमरीत साठवणारं सॉफ्टवेअर) असेल तर ऑब्जेक्ट कॅशही, म्हणजे डेटाबेसातून वाचलेल्या माहितीचा तात्पुरता साठा, रिकामी करा. कधी कधी तिथली अधिकारांची जुनीच यादी वाचली जाते.

प्रश्नकर्ती:
सक्रिय केल्यावर डेटाबेसात नवा अधिकार दिसला, मेनू मात्र नाही. कॅश रिकामी केली आणि आला! काकूंनी लगेच एक पुस्तक चढवून पाहिलं. दोघांचे मनापासून आभार.