मदत हवी आहे: बेघरांच्या नोंदीचं अ‍ॅप, एकच माणूस तीनदा येतोय

धावतापळता: शनिवारच्या आत हवंय म्हणून थेट विचारतो. रस्त्यावर झोपलेलं कोणी दिसलं की आमचे स्वयंसेवक नकाशावर पिन टाकतात, शीटमध्ये ओळ पडते, त्यावरून रात्री गट निघतात. डुप्लिकेट काही थांबत नाहीत. परवा एकाच आजींकडे तीन गट गेले. तिसऱ्यांना त्या म्हणाल्या, "बाळांनो, एवढी ब्लँकेटं ठेवू कुठं? सकाळी कचऱ्याच्या गाडीत जातात ती." कुठला फॉर्म्युला लावू?

अर्धाचहा: शहर? माणसं किती? अ‍ॅप कशात बनवलंय?

धावतापळता: पुणे, अजून कुठलं. चाळीसेक जण. अ‍ॅप म्हणजे गूगल फॉर्मच आहे सध्या.

दादरपश्चिम: "अजून कुठलं"? मुंबईतही लोक रस्त्यावर झोपतात हो.

नानापेठी: फॉर्म-बिर्म सोडा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप काढा, मोठ्या चौकाला एकेक माणूस नेमून द्या. आम्ही सहा हिवाळे असंच करतोय.

अर्धाचहा: चाळीस जणांच्या ग्रूपवर गुड मॉर्निंगखाली पत्ता सापडतो का? धावतापळता, आजी कुठे झोपतात? पुलाखाली?

धावतापळता: हो. ते सांगायचं राहिलं का? बरेचसे पुलाखालीच.

अर्धाचहा: मग फॉर्म्युल्याचा दोष नाही. पुलाखाली जीपीएस भरकटतं, तीन फोन तीन जागा दाखवतात. अक्षांश-रेखांश जुळवत बसाल तर शेजारी झोपलेले दोघे एक होतील आणि आजी तीनच राहतील. मेट्रोच्या खांबांवर नंबर असतात, तो रकाना सक्तीचा करा. खांब नंबर, रस्त्याची बाजू, जवळचं दुकान. पिन नुसती आधाराला.

टेम्सकाठी: इंग्लंडमध्ये २०१२ पासून रस्त्यावर झोपलेल्यांची नोंद करायची स्ट्रीटलिंक नावाची सेवा आहे. तिथंही नेमकी जागा, किती वाजता दिसले, कसे दिसतात हे शब्दांत लिहायला लावतात. पण नोंद त्या भागातल्या आउटरीच गटाकडे जाते, म्हणजे हेच ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे. तुमच्याकडे नोंदीनंतर पुढे कोण जातं?

नानापेठी: लंडनचं इथं नको. तिथं महापालिका फोन उचलते.

ओवी_०७: जुने स्वेटर द्यायचे आहेत, कुठे आणू? आणि ८०जीची (करसवलतीची) पावती मिळते का?

सायंकाळ: शीटची लिंक कोणाकोणाकडे आहे? फोटोही टाकता का?

धावतापळता: लिंक ग्रूपवर आहे. फोटो हो, ओळख पटावी म्हणून.

सायंकाळ: म्हणजे एकटी बाई रोज रात्री कुठल्या खांबाशी झोपते, हे लिंक असलेल्या कोणालाही कळतं. फोटो आजच काढून टाका. महाराष्ट्रात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे, पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. उद्या कोणी पाहुणा येणार म्हणून रस्ते साफ करायचे ठरले तर तयार यादी तुमचीच. जो गट निघतो त्याला त्या रात्रीच्या ओळी द्या, बाकीच्या झाका, आणि दोन दिवसांत कोणी पुन्हा पाहिलं नाही तर ओळ आपोआप जाऊ दे.

दादरपश्चिम: ब्लँकेटं वाटत बसण्यापेक्षा निवारे मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय, शहरात लाख लोकसंख्येमागे एक, तोही चोवीस तास उघडा.

नानापेठी: मागतोच आहोत. तोवर थंडीला काय सांगू, थांब म्हणून?

धावतापळता: खांब नंबर टाकला, फोटो काढून टाकले, लिंक बंद केली. तिघांना फॉर्म उघडेना, त्यांचं बघतोय. पण स्टेशनबाहेर खांबच नाहीत आणि सगळ्यात जास्त माणसं तिथंच. तिथं काय लिहायचं?

अर्धाचहा: टपऱ्यांची नावं. रात्री बंद असल्या तरी पाटी असते.

ओवी_०७: स्वेटरचं कोणी सांगितलं नाही.