मदत हवी आहे : लेकीला रानपिंगळ्याच्या अभ्यासकांना भेटायचंय

नमस्कार मंडळी. माझी लेक नववीत आहे आणि तिला रानपिंगळ्याचं (हे एक छोटं, दुर्मिळ घुबड) वेड लागलंय. १८८४ नंतर खात्रीची नोंदच नसलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ दिसला. मधल्या काळातला १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना (जतन केलेला मृत पक्षी) मेनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहकाने संग्रहालयातून चोरून, खोटी माहिती लावून ठेवलेला होता. रासमुसेनबाईंनी ती लबाडी ओळखली, त्या नमुन्यावर लिहिलेली जागा वगळली आणि जुन्या खऱ्या जागी शोध घेतला! लेकीला हाच भाग सर्वांत आवडतो, मलाही.

आता तिला मेळघाटात रानपिंगळ्यावर काम करणाऱ्या कुणाला तरी प्रत्यक्ष भेटायचंय. पक्षिमित्र संमेलनाला शाळकरी मुलं चालतात का? तिथे मोठ्या अभ्यासकांशी निवांत बोलता येतं का? पक्षी सप्ताहात (५ ते १२ नोव्हेंबर, चितमपल्ली सरांच्या जन्मदिनापासून सलीम अलींच्या जन्मदिनापर्यंत) पुण्याच्या आसपास मुलांसाठी काही असतं का?

मेळघाटातले चांगले स्थानिक गाईडही सुचवा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणारे मात्र नकोत, कितीही नावाजलेले असले तरी.