आईच्या पायातली ताकद गेलीये, वजनं लावून व्यायाम कसा सुरू करायचा?

नमस्कार मंडळी, आईबद्दल विचारायचंय. वय ७४, डायबेटिस नाही, बीपीची गोळी चालू आहे. श्रावणात डेंग्यू झाला नि दहा-बारा दिवस अंथरुणातच होती, ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या पण तेव्हापासून पाय साथच देत नाहीयेत. आधी पाटावर बसून तासभर पोथी वाचायची आणि आपली आपण उठायची, आता सोफ्यावरून उठताना पण हाताने रेटा द्यावा लागतो. डॉक्टर म्हणाले वयोमानाने होतं, घरचे म्हणतात आता आराम करू दे. मला ते पटेना म्हणून वाचत बसले.

याला सार्कोपेनिया म्हणतात, म्हणजे वयाबरोबर स्नायू आणि त्यांची ताकद कमी होणं. २००७ च्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना मुद्दाम १० दिवस झोपवून ठेवलं तर पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला! म्हणजे आराम हेच उलट औषध झालं की. आणि १९९० मध्ये बोस्टनला नर्सिंग होममधल्या ८६ ते ९६ वयाच्या आजीआजोबांकडून ८ आठवडे चांगली जड वजनं उचलून घेतली, मांडीची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. पुढे १९९४ मध्ये १०० जणांवर केलं तेव्हा नुसतं पोषक पेय देऊन ताकद वाढली नाही, व्यायामानेच वाढली. हे वाचून मला रडूच आलं, कारण आम्ही दोन महिने नुसते पावडरचे डबे आणतोय.

घरी खुर्चीची टेस्ट केली, हात छातीशी घेऊन पाचदा उठबस. आशियाई निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमजोर धरतात. आईला १९ लागले, तेही जेवणाच्या उंच खुर्चीवरून.

आता अडलंय ते असं की फिजिओ आठवड्यातून एकदा येतात पण नुसतं पाऊल वरखाली करायला लावतात, वजनाचं विचारलं तर या वयात नको म्हणतात. कुणी आईवडिलांकडून घोट्याला वजनपट्टी बांधून व्यायाम करून घेतलाय का? अर्ध्या किलोपासून सुरू करून किती दिवसांनी वाढवलं? गुडघे थोडे कुरकुरतात तिचे, ते चालेल का? आणि आईचं स्वतःचं वजन ५२ किलो, म्हणजे रोज ५०-६० ग्रॅम प्रोटीन हवं, पण ती शाकाहारी आणि रात्री फक्त ताकभात खाते. पुण्यात वृद्धांकडून नीट वजनं उचलून घेणारे फिजिओ माहीत असतील तर प्लीज विपू करा (माझ्या पानावर निरोप ठेवा).