मदत हवी आहे: एमएस्सी फॉरेन्सिकचं डेझर्टेशन, माश्यांच्या अळ्या आणि इन्क्युबेटर नाही

नमस्कार मंडळी, मी मराठवाड्यात एमएस्सी फॉरेन्सिक सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. इथे कुणी फॉरेन्सिक एन्टोमॉलॉजी (किड्यांवरून गुन्ह्याचा तपास) केलेलं असेल, झूलॉजीवालं असलं तरी चालेल, प्लीज वाचा.

विषय घेतलाय पावसाळ्यात अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूची वेळ काढण्याचा. बॅचमधल्या बऱ्याच जणांनी फिंगरप्रिंट घेतलंय, गाईड मॅडमही म्हणतात निनहायड्रिनवर (ठसे उठवायचं केमिकल) काहीतरी कर, पटकन हातावेगळं होईल. पण मला हेच करायचंय, कारण नाल्यात नाहीतर उसाच्या फडात चार-पाच दिवसांनी बॉडी सापडते तेव्हा अंगाचं टेम्परेचर, रायगर मॉर्टिस (मेल्यावर शरीर ताठरणं) यातलं काहीच कामाचं उरलेलं नसतं, अळ्याच काय ते सांगतात. आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जायचंच आहे (राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे), मग तिथे जाणाऱ्याला अळ्या नीट गोळा करता यायला नकोत का?

अडचण अशी की वासामुळे इन्क्युबेटर द्यायला कुणी तयार नाही. म्हणून गच्चीवरच्या शेडमध्ये डब्यात बकऱ्याची कलेजी, खाली लाकडाचा भुसा, वर मलमलचं कापड आणि शेजारी टेम्परेचरचा डेटा लॉगर असं मांडलंय. आता रूम टेम्परेचर दिवसरात्र वरखाली होणार, मग हा डेटा व्हायवामध्ये टिकेल का? तासाचं सरासरी टेम्परेचर वजा बेस टेम्परेचर (ज्याच्या खाली अळीची वाढ थांबते ते) असं करून एडीएच (अ‍ॅक्युम्युलेटेड डिग्री अवर्स, म्हणजे त्या तासातासाच्या फरकांची बेरीज) काढायचा विचार आहे, पण बरेच जण सरसकट 10 अंश धरतात, ते आपल्याकडच्या क्रायसोमाया मेगासेफाला या माशीला लावलेलं चालतं का? शिवाय अळ्यांचा गोळा झाला की तो स्वतःच गरम होतो, म्हणजे लॉगर गोळ्यात खुपसायचा की बाहेर ठेवायचा, की दोन्हीकडे?

दुसरं म्हणजे त्याच डब्यात क्रायसोमायाचीच दुसरी जात रुफिफेसीस निघाली, त्या अंगावर काटे असलेल्या अळ्या, आणि त्या मेगासेफालाच्या अळ्या खातात. अंडी घातल्या घातल्या वेगळी करावी म्हटलं तर दोघींची अंडी मला सारखीच दिसतात, पहिल्या इन्स्टारला (अंड्यातून निघाल्यावरची अळीची पहिली अवस्था) ओळखायची काही सोपी खूण आहे का?

सॅम्पल मी कडकडीत गरम पाण्यात अर्धा मिनिट ठेवून मग 80 टक्के इथेनॉलमध्ये टाकते, कारण जिवंत अळी सरळ अल्कोहोलमध्ये टाकली की आक्रसते आणि लांबी चुकते. फॉर्मलिन वापरत नाही, पुढे डीएनए करायचं झालं तर अडचण नको. हे बरोबर आहे ना?

भुसा पावसाळी हवेत ओला होऊन बुरशी धरतोय आणि कोष खराब होतायत, त्याऐवजी कोरडी वाळू वापरली तर कसं? सिनॉप्सिस महिनाअखेरीला द्यायचाय, त्याआधी बेस टेम्परेचरचं तरी कुणीतरी सांगा प्लीज.